कबऱ्याची जोडी

चंद्रपूरला गाडीतून उतरले तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता, तरी फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावता येत नव्हता. मृग लागायला थोडाच अवकाश होता आणि ऊन अजून उन्हाळ्याचेच होते. स्टेशनबाहेर पोह्यांवर तिखट रश्श्याची लालभडक तर्री ओतून घेतली, डोळ्यांतून पाणी काढत ते खाल्ले आणि गोंडपिपरीची एसटी पकडली.

मी सांगलीची. प्राण्यांचे वर्तन आणि कल्याण या विषयाच्या पदवीचे माझे शेवटचे वर्ष. "म्हणजे ढोरांची डॉक्टर?" हा प्रश्न एसटीत शेजारी बसलेल्या आजोबांनीही विचारला. नाही, डॉक्टर आजार बघतो. जनावर कशाकडे बघते, कशापासून सरकते, कोणाजवळ जाऊन बसते, हे बघायला आम्ही शिकतो. आजोबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "चांगलं हाय. मानसाचंबी शिकवत असतीन तं सांगजा."

प्रकल्पासाठी मी कामाचे बैल निवडले होते. वर्गातल्या मैत्रिणीने गोंडपिपरी तालुक्यातल्या तिच्या आत्याचे गाव सुचवले. आत्याच्या बैलजोडीतला एक वाघाने मारला होता आणि उरलेला नीट खात नव्हता.

आत्या म्हणजे वनिताबाई. चाळिशीतल्या, सडसडीत, झपझप चालणाऱ्या. त्यांचे यजमान गुलाबभाऊ अंगणात बाज विणत होते. "जयभीम," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. घरामागे कोठा (गोठा), त्यामागे बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि बांध्या संपतात तिथे थेट सागाचे जंगल. मध्ये कुंपण नाही, रस्ता नाही. मारलेला बैल लाल्या त्या जंगलाच्या कडेलाच चरत होता. उरलेला कबऱ्या त्या वेळी शेजारीच होता.

कबऱ्या कोठ्यात उभा होता. पुढ्यात तणस, म्हणजे भाताचे काड, तसेच पडलेले. बरगड्या मोजता याव्यात इतका उतरला होता. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांना आजार सापडला नव्हता.

"त्याले दुःख झालं, ताई," वनिताबाई म्हणाल्या.

आमचे शिक्षक सांगतात, माणसाचा शब्द जनावराला घाईने चिकटवू नका. तसे मी म्हटल्यावर वनिताबाईंनी विचारले, "मंग तुमच्यात काय म्हनते याले?"

"अजून काहीच नाही. आधी बघू."

त्या हसल्या. "पाहा मंग. मी सैपाक करतो."

लाखोळीची डाळ, भात आणि जवसाची चटणी खाऊन मी कोठ्याच्या सावलीत बसले, ती पुढचे दिवस बसतच राहिले. हळूहळू काही दिसू लागले. शेजारची म्हैस जवळ बांधली की कबऱ्या चार घास खायचा. तिला पाण्यावर नेले की थांबायचा. जंगलाकडून वारा आला की कान ताठ, रवंथ बंद. आणि एकटा असताना मान सारखी डावीकडे वळायची. जुवाला लाल्या डावीकडे असायचा, हे मला नंतर कळले. हे दुःख होते, भीती होती की नुसती सवय? तिन्ही एकत्रही असू शकतात.

घरात मात्र वेगळाच प्रश्न होता. गुलाबभाऊंचे म्हणणे, बैल विकून टाकावा, नांगरणी ट्रॅक्टरने करावी. वनिताबाईंना जोडी हवी होती. कबऱ्याला त्यांनी गोऱ्हा असल्यापासून वाढवले होते. मुलचेऱ्याजवळ पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या एका गावात निमाईदा नावाच्या शेतकऱ्याकडे एकच बैल उरला आहे आणि ते तो विकणार आहेत, अशी खबर आली, तशा त्या निघायला तयार झाल्या.

"कबऱ्यालाही नेऊ," मी म्हटले. "जोडी त्यांची जमायची आहे. आधी जुवाशिवाय भेटू दे."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे बघितले. "सोयरीक पाहाले नेऊन राह्यली का?" पण गाडी त्यांनीच ठरवली. बैल गाडीत दिसला की कत्तलीला चालवला समजून वाटेत लोक अडवतात, म्हणून मालकीचे कागदही सोबत दिले.

उंच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पिकअप लावून कबऱ्याला चढवले. आष्टीला वैनगंगा ओलांडली. पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. पुढे जंगल दाट झाले आणि नेमके तिथेच चाक पंक्चर झाले. ड्रायव्हर जॅक लावायला खाली वाकला तेवढ्यात कुठेतरी माकडे वाघ दिसल्यासारखी खाकरू लागली. कबऱ्या थरथरला, मागे रेटू लागला. गाडी हलायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "आवरा त्याले! गाडी अंगावर येते माह्या!" वनिताबाई मागे चढल्या आणि त्याच्या डाव्या अंगाला चिकटून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. चाक बदलेपर्यंत तो त्यांच्यावर रेलून होता.

निमाईदांच्या गावात शिरताच भाषा बदलली. दारात तुळस, अंगणामागे तळे, ओसरीवर मुरमुरे पाखडणाऱ्या बायका. निमाईदा साठीचे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या काळूला आणि कबऱ्याला आम्ही कुंपणाच्या वाडीत सोडले. दोघांनी शिंगे भिडवली, माती उडाली. वनिताबाईंनी माझा दंड धरला. मग दोघे दोन टोकांना गेले.

"दीदी, पहले माछ-भात, बाद में बैल," निमाईदा म्हणाले. माछ म्हणजे मासे. मोहरीच्या रश्श्यातले रोहू मी काटे काढत हळूहळू खाल्ले. हात धुऊन बाहेर आलो, तर काळू कबऱ्याची मान चाटत होता आणि कबऱ्या गवत खात होता. जवळ म्हैस नव्हती, माणूस नव्हते. वनिताबाई कुंपणाला टेकून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

निमाईदाही बघत होते. ते चाचरत, मोडक्या मराठीत म्हणाले, "बाई, मी काळूला विकत होतो, कारण तो एकटा होता. आता जोडी बघितली तर मन बदलतो आहे. कबऱ्या मलाच दिला तर?"

मला राग आला. ही ट्रिप माझ्या सांगण्यावरून झाली होती. मी वनिताबाईंना बाजूला घेतले आणि म्हटले, तुम्ही नाही म्हणा, ठरल्याप्रमाणे काळूलाच मागा.

"अन् नेऊ कुठी?" त्या म्हणाल्या. "कोठ्यामागं वाघ अजून फिरून राह्यला. दोघांले तिथी बांधू?"

"पण तुमची नांगरणी?"

"टॅक्टर हाय ना."

त्या वाडीत गेल्या. कबऱ्याच्या गळ्यातली घंटी काढायला हात घातला, थांबल्या आणि ती तशीच राहू दिली. व्यवहाराचे गुलाबभाऊ फोनवर बघतील, एवढेच निमाईदांना म्हणाल्या.

परतीला पिकअप रिकामी होती. वनिताबाई पुढे न बसता मागच्या हौद्यात चढल्या, म्हणून मीही चढले. मागे काऊन (का) बसल्या, असे त्यांच्याच बोलीत विचारले.

"समोर बसली तं घडीघडी मागं पाहा लागते," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड झाकून वैनगंगेपर्यंत रडल्या. घरी विकायचा धोशा गुलाबभाऊंनीच लावला होता, पण त्या संध्याकाळी रिकाम्या कोठ्यात झाडू घेऊन तेच गेले.

मी सांगलीला परतले, प्रकल्प लिहिला. जनावराला काय हवे ते त्याच्या वागण्यातून वाचता येते, हे त्यात मांडले. ते कोणाला किती महाग पडते, हे मांडायला शब्द सुचले नाहीत.

भाताची रोवणी (लावणी) आटोपल्यावर वनिताबाईंचा फोन आला. एसटीने मुलचेऱ्याला जाऊन आल्या होत्या.

"ओळखलं का कबऱ्याने?" मी विचारले.

"जवळ आला, हात हुंगला, अन् गेला काळूकडं."

"मग?"

"मंग काय, निमाईदाच्या घरी जेवली अन् आली." मग म्हणाल्या, "लय मस्त जाड झाला, ताई."