सूर्यमाळला माझ्या नावाचा कोपरा

बसा, चहा उकळतोय तोवर एक गोष्ट कबूल करून टाकते. मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या एका पाड्यावर माझ्या नावाची जमीन आहे. हसू नका! सातबाऱ्यावर नाव नाही, पण अख्खा पाडा तिला माझ्याच नावाने ओळखतो. ती कशी मिळाली हे सांगायला मात्र धीर लागतो, कारण एवढा घोळ मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी घातला नव्हता.

मी चिंचवडची. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. मुलगा म्हणाला, "आई, सहा महिने कॅनडाला ये." म्हटलं, तिथे जाऊन काय बर्फ बघत बसू? त्यापेक्षा तीन महिने पाड्यावरच्या मुलांना शिकवायला निघाले. राहायचं एका घरात, जेवायचं त्यांच्याबरोबर. खरं सांगू? पहिल्या आठवड्यात मला सूर्यमाळ कॅनडाहून लांब वाटलं.

घर धर्माचं. धर्मा, त्याची बायको काशी आणि धर्माचे वडील, आबा. माणसं फार चांगली, पण मला कशाला हात लावू देतील तर शपथ! नाचणीची भाकरी थापायला बसले, "बाई, तुमी बसा." अंगण झाडायला घेतलं, "बाई, तुमी बसा." एप्रिल महिना, खालच्या विहिरीत तळाला गेलेलं पाणी, तिथे बायांची ही रांग. काशी पहाटेच उठून जायची. मी म्हटलं, "एक हंडा मला दे ना." ती हसली. "चढ हाय बाई. तुमी बसा."

आता सांगा, मी काय खाटेवर बसून पाहुणचार झोडायला गेले होते? मला त्या घरातलं व्हायचं होतं हो! कुणीतरी हक्काने काम सांगावं, चुकलं तर ओरडावं. पण छे! रोज जेवताना पहिली भाकरी माझ्याच ताटात पडायची, पाहुणीसारखी.

आणि मी काही अगदीच निकामी नव्हते बरं का. बढाई वाटेल, पण शाळेत आग विझवण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात मी पहिली आले होते. प्रमाणपत्र आहे घरी, दाखवीन! एक शिट्टीही मिळाली होती. ती मी सूर्यमाळलाही गळ्यात घालून हिंडायची. का? तर कधी लागेल सांगता येत नाही.

आणि लागली की!

दहावा दिवस. काशीने सकाळच्या खेपा संपवून तीन भरलेले हंडे ओसरीवर ठेवले आणि ती सरपणाला गेली. मी मुलांच्या वह्या तपासत बसले होते. नाकात धूर गेला. मान वर केली, तर समोरच्या खाचराच्या कडेला धूर आणि खाली लालभडक जाळ! आणि त्या धुरात कोण? आबा! हातात पानांची एक डहाळी घेऊन एकटेच उभे.

मी उठले, पदर खोचला, शिट्टी फुंकली आणि पहिला हंडा उचलून धावत सुटले. साठीची बाई, गुडघ्याला पट्टा! पण त्या दिवशी गुडघासुद्धा काही बोलला नाही.

"आबा, मागे व्हा!"

"अवो बाई, काय करता?"

"घाबरू नका, मी आले!"

"अवो, मीच लावलाय ना!"

आता प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं, की धुरात सापडलेला माणूस भांबावतो, वाटेल ते बोलतो, त्याच्याशी वाद घालत बसू नये. मी घातला नाही. आबांचा दंड धरला आणि ओढत नेऊन बांधावर बसवलं. ते उठले. मी परत बसवलं. "आबा, तुम्ही बसा!" म्हटलं. काय बरं वाटलं मला हे म्हणताना!

पहिला हंडा ओतला. दुसरा ओतला. तिसरा ओतत होते तेवढ्यात धर्मा आला, डोक्यावर पाल्याचा हा मोठा भारा.

"धर्मा, पाला लांब टाक! आगीजवळ आणू नकोस!"

तो जागच्या जागी थांबला. भारा तसाच डोक्यावर. तोवर माझ्या शिट्टीने वरच्या पाड्यावरची माणसं काठ्या-कोयते घेऊन धावत आली होती. त्यांना वाटलं, बिबट्या आला. सगळे गोल करून उभे राहिले. मी कपाळाचा घाम पुसला आणि छोटंसं भाषण केलं, "घाबरण्याचं कारण नाही. आग आटोक्यात आहे. आबा सुखरूप आहेत."

कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना.

एवढ्यात काशी मोळी घेऊन आली. तिने आडवे पडलेले हंडे बघितले. "पानी सगळं?"

"सगळं!" मी अभिमानाने म्हटलं. "एक थेंब वाया घालवला नाही."

मग बांधावरून आबा शांतपणे बोलले. "बाई, आग नव्हती ती. राब भाजत होतो. भाताची रोपं करायची तर जागा आधी भाजून घेवा लागते. तण जळतं, राखेचं खत व्हतं. मंग पाऊस आला का बी टाकायचं."

धर्मा महिनाभर जंगलातून पाला आणत होता. शेण, पाला, गवत, वर माती, असे थर त्याने हाताने लावले होते. घराच्या वर्षभराच्या भाताची रोपं त्या तुकड्यावर उगवायची होती, आणि त्यातल्या अर्ध्याचा मी चिखल करून ठेवला होता. वर घरात प्यायला घोटभर पाणी नाही! मला हुंदका आवरेना. "काशी, मी आजच सामान बांधते," म्हटलं.

काशीने एक रिकामा हंडा उचलून माझ्यापुढे ठेवला. आवाज असा चढवला म्हणता! "सामान ऱ्हाऊ द्या! पानी कोन आनील? चला!"

गेले. तो चढ मी तीनदा थांबून चढले, निम्मं पाणी अंगावर सांडलं. पण विहिरीवर एका बाईने विचारलं, "ही कोन गं?" तेव्हा काशी म्हणाली, "आमच्याच घरातली हाय." प्रमाणपत्र मिळालं तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती. त्या दिवसापासून मला कुणी "बसा" म्हटलं नाही. रोज एक हंडा माझा, आणि दुपारी धर्मामागून पाल्याचा एक भारा माझा.

ओला राब वाळवला, नवे थर लावले, पुन्हा भाजला. शेवटी पाला कमी पडला आणि बांधाजवळचा खाटेएवढा कोपरा तसाच राहिला. पावसात मुद्दाम बघायला गेले, तर सगळीकडे हिरवीगार रोपं आणि माझ्या कोपऱ्यात गुडघाभर तण! पुढच्या वर्षी तोही भाजता आला असता, पण आबांनी ठेवला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बाईंचा हाय." आता कुणी वाट विचारली तर पाड्यावर सांगतात, बाईंच्या राबापासून डावीकडे वळा.

तेव्हापासून दर वर्षी राब भाजायला मी जातेच. यंदा तर आबांनी पेटती काडी माझ्याच हातात दिली, मान बघा! नेमके तेव्हा शेतीखात्याचे एक साहेब आले होते. त्यांनी तो कोपरा बघून विचारलं, "एवढीच जागा पडीक का ठेवली?" मी आभाळाकडे बघायला लागले.

आबा म्हणाले, "ती शाळा हाय साहेब. आमच्या बाई तठं शिकल्या."

मी मान ताठ ठेवून राबाला काडी लावली आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. सगळे कौतुकाने बघत होते. फक्त काशी दिसेना. ती ओसरीवरचे भरलेले हंडे एकेक करून आत नेत होती.