अकरा चेस्टनट

तोमिएचं दुकान कुठं आहे, असं आमच्या गावात कुणी विचारत नाही. सप्टेंबर अर्धा सरला की खमंग वास सुटतो, त्या वासामागं चालत गेलं की दुकान येतं. तांबा प्रांताच्या या डोंगरांत मिठाईवाले काही थोडे नाहीत. पण चेस्टनट भाजावेत ते तोमिएनंच, आणि भाजलेला गर साखरेत घोटून मऊ गोळे वळावेत तेही तिनंच. ओसाकाहून माणसं पहाटेची गाडी धरून येतात आणि रांगेत कुडकुडत उभी राहतात. बाई ऐंशीची, अंगानं मूठभर. पण तोंड असं की भलेभले बागायतदार तिच्यापुढं टोपी हातात घेऊन उभे असतात.

सेत्सुयो हातानाका मात्र तिच्यापुढं कधी उभीच राहिली नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्यांच्या बागेचा माल तोमिएकडे जात होता, पण घेऊन जायचा तो तिचा नवरा, योशिनोबु. तो टोपली ट्रकमध्ये चढवायचा आणि जायचा. ही घरी भांडी घासायची. कधी दुकानावरून गेलीच तर दारातूनच वाकून नमस्कार, की पुढं. तिथली मिठाई विकत घ्यायची म्हणजे चैन, आणि ती चैन पाहुण्यांसाठी.

योशिनोबु मार्चमध्ये गेला. सेत्सुयो सहासष्टाव्या वर्षी एकटी पडली. मुलगा फोनवरून म्हणायचा, "आई, बाग काढून टाक आता, तुला झेपायचं नाही." ती हूं हूं करायची. बाग झेपेल की नाही याची तिला काळजीच नव्हती. जिवाला घोर लागला होता तो पाटीचा.

तोमिएच्या दुकानात डाव्या भिंतीवर एकोणीस लाकडी पाट्या टांगलेल्या आहेत. ज्यांचा माल ती घेते त्यांची नावं. अट एकच: झाडावरून आपणहून पडलेला दाणाच चालतो, काठीनं झोडपून पाडलेला नाही. दर वर्षी ज्याची पाटी त्यानं नव्या हंगामाची पहिली टोपली स्वतः आणायची, तोमिए ती त्याच्यासमोर भाजणार, आणि भट्टीतून निघालेला पहिला दाणा त्यालाच खायला देणार. टोपली उतरली कसाला तर पाटी राहते, नाही तर तिथल्या तिथं खाली येते. ज्याची पाटी उतरली त्याच्यासमोर न्हाव्याच्या दुकानातसुद्धा कुणी चेस्टनटचा विषय काढत नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तेव्हा योशिनोबुचं नाव त्या भिंतीवर राहायचं असेल, तर टोपली आता सेत्सुयोनं न्यायची होती.

आणि नेमका त्याच वर्षी टायफून आला. दाणे नुकते कुठं पडायला लागले होते. रेडिओवर तिनं बातमी ऐकली. संध्याकाळी आभाळ पिवळं पडलं तशी ती बागेत गेली, कोपऱ्यातली बांबूची काठी उचलली आणि एका फांदीची काटेरी बोंडं धडाधड पाडली. एक्केचाळीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. बोंडं अजून हिरवी होती. तिनं ती बुटाखाली रगडून फोडली आणि आतले फिके दाणे ओसरीवर पसरून ठेवले. दोन दिवसांत ते तपकिरी दिसायला लागले. दिसायला.

वादळानं बागेत जे पडलं होतं ते भिजून, चिखलात रुतून वाया गेलं. धड असे निघाले त्यांनी टोपली काठाला लागेना. उणी टोपली घेऊन जायचं? लोक म्हणणार, योशिनोबु गेला आणि बाग बसली. सेत्सुयोनं ओसरीवरचे तेवीस दाणे उचलले, टोपलीत मधोमध सोडले आणि वरून हात फिरवला. "एवढ्या ढिगात कोण बघतंय!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि नवऱ्याच्या फोटोकडे न बघता बाहेर पडली.

दुकानात गल्ल्यावर तोमिएची मुलगी चिगुसा होती. बाई बोलघेवडी. "अगबाई, हातानाका वहिनी! या, या. आई आतच आहे. तिचं मनावर घेऊ नका हं, सकाळपासून दोघांना रडवलंय तिनं." असं म्हणून तिनं मागचा पडदा सारला.

आत पाऊल टाकलं आणि सेत्सुयो तिथंच थबकली. काय ती खोली! तुळया धुरानं काळ्याभोर, मध्ये ओकच्या कोळशाची भट्टी, जाळ नाही, धूर नाही, नुसती लाल धग. वर आडवं लोखंडी पिंप, त्याला लाकडी दांडा, आणि दांडा धरून बसकणावर बसलेली ती एवढीशी बाई. बाहेर रांगेचा गलका चालला होता, पण आत देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत. सेत्सुयोचे हात आपोआप जोडले गेले.

"ठेवा खाली," तोमिए म्हणाली. बसा नाही, या नाही.

तिनं टोपली पुढं ओढली. एकेक दाणा उचलून आखूड सुरीनं त्याच्या पाठीवर चीर द्यायला लागली. चिरेशिवाय भाजला तर दाणा फुटून उडतो. सुरी टिचटिच चालली होती, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. सगळे दाणे पिंपात गेले, झाकण लागलं, दांडा फिरायला लागला. मग म्हातारीनं डोळे मिटले.

दाणे आत घरंगळत होते. सेत्सुयोला तो एकच आवाज वाटत होता, खळळ खळळ. तोमिएनं मान तिरकी केली. थोड्या वेळानं नुसती बोटं हलवायला लागली, कुणी मनातल्या मनात मोजावं तशी. अर्ध्या तासानं तिनं पिंप उलटं केलं, वाफाळते दाणे पांढऱ्या कापडावर ओतले आणि, डोळे अजून मिटलेलेच, उघड्या बोटांनी त्यांत हात घातला. एकेक दाणा कानाशी नेऊन चिमटीत दाबायची. बहुतेक परत ठेवायची. एखादा बाजूला सारायची.

सेत्सुयो बाजूचा ढीग मोजत होती. अकरा. सोळा. एकवीस. तिच्या कपाळावर घाम डवरला. बावीस. तेवीस.

तोमिएनं हात झटकले आणि डोळे उघडले. "बस. एवढेच."

एकही कमी नाही, एकही जास्त नाही! सेत्सुयोला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी असंही वाटलं की या बाईच्या पायावर डोकं ठेवावं. असलं काही माणसाला येऊ शकतं हेच तिला माहीत नव्हतं. भीती आणि नवल यांतलं जास्त काय, ते तिचं तिला कळेना.

"टायफून..." तिनं तोंड उघडलं.

"टायफून सगळ्यांकडे आला होता," तोमिए म्हणाली. उठली, बाहेर गेली, स्टुलावर चढली आणि योशिनोबुची पाटी काढून ॲप्रनच्या खिशात टाकली. पहिला दाणा खायला देणं तर राहिलंच. रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या, आणि चिगुसा गल्ल्यातली नाणी मोजत बसली.

सेत्सुयो घरी कशी आली तिला आठवत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उजाडायच्या आत सवयीनं उठली, बूट चढवले आणि बागेत गेली. मोडलेल्या फांद्यांखाली, ओल्या गवतात, रात्रीतून पडलेले दाणे चाचपत फिरली. एवढ्या मोठ्या बागेत निघाले अकरा. तिनं ते रुमालात बांधले आणि चालत दुकानावर गेली. लाज वाटायची ती कालच वाटून झाली होती.

"हे आपणहून पडलेत," ती तोमिएला म्हणाली. "अकराच आहेत. कालचं मी केलं. त्यांनी असं कधी केलं नव्हतं, त्यांच्या नावाला बोल नको."

तोमिएनं रुमाल उघडला, एकेक दाणा तळहातावर घोळवला. मग म्हणाली, "माझ्या थंड खोलीत तीस दिवस झोपू देत. भिजलेल्या दाण्याला झोपल्याशिवाय गोडी येत नाही. मग या."

"पाटी?"

"तीस दिवसांनी या म्हटलं ना!"

ते तीस दिवस सेत्सुयोनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. रोज सकाळी फोटोपुढं भाताची वाटी ठेवायची आणि नजर चुकवून उठायची. हंगाम संपला. रस्त्यात कुणी "काय म्हणतेय बाग?" विचारलं की "आहे" म्हणायची. भिंतीवरचा रिकामा खिळा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी ती गेली तेव्हा रांग वळून पार पुलापर्यंत पोचली होती. चिगुसानं तिला हाताला धरून आत नेलं. भट्टी धगधगती, पिंप रिकामं. तोमिएनं ते अकरा दाणे चिरून आत टाकले. फक्त अकरा! ज्या पिंपात टोपलीभर माल मावतो त्यात अकरा दाण्यांचा काय तो आवाज यायचा? पण बाई दांडा धरून बसली, डोळे मिटले, मान तिरकी केली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, आज मिळणार की नाही?" चिगुसा तिकडून कडाडली, "थांबा म्हटलं ना! आई भाजतेय." आणि ती पुलापर्यंतची रांग अकरा दाण्यांसाठी थांबून राहिली. सेत्सुयोच्या अंगावर काटा आला.

एकेक दाणा वेगळा ऐकू येत होता आता. टक. टक. कोरडा, स्वच्छ आवाज. सेत्सुयोलासुद्धा कळला.

"हा आवाज मी नऊ वर्षं ऐकतेय," तोमिए डोळे मिटूनच म्हणाली. "योशिनोबुचे दाणे असे नव्हते. तो उभ्यानं उचलून टोपलीत फेकायचा. दर टोपलीत पाच-सहा दाणे मुका मार लागलेले असायचे. चालायचं, माणूस प्रामाणिक होता. नऊ वर्षांपूर्वी एकदम ते बंद झाले. फेकणारा हात गेला आणि ठेवणारा आला."

सेत्सुयो दचकून तिच्याकडे बघायला लागली. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याचा गुडघा गेला होता. त्याला वाकता येत नव्हतं. तेव्हापासून अख्खी बाग ती एकटी वेचत होती, पहाटे, कुणाला दिसू नये म्हणून. त्याचा मान राहावा म्हणून. हे तिनं पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं.

"त्याला मी म्हटलं, पाटीवरचं नाव बदल. कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी. दर वर्षी तेच, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी." तोमिएनं पिंप थांबवलं. "ती काठी मारली नसती, तर मी त्याच दिवशी बदलली असती. राग आला मला. नऊ वर्षं ज्या हातानं एक दाणा दुखवला नाही, त्या हातानं काठी धरावी?"

तिनं खिशातून दोन पाट्या काढल्या. एक जुनी, काळवंडलेली. ती तिनं सेत्सुयोच्या हातात दिली. "ही घरी न्या, फोटोजवळ ठेवा." दुसरी कोरी, अजून लाकडाचा वास येणारी. तिच्यावर शाईनं लिहिलं होतं: हातानाका सेत्सुयो.

मग तिनं पिंप कापडावर उलटं केलं आणि पहिला दाणा उचलून सोलला. आतली तुरट सालसुद्धा एका झटक्यात निघून आली. "घ्या, सेत्सुयो-सान," ती म्हणाली. एक्केचाळीस वर्षांत या दुकानात तिला नावानं हाक मारलेली ही पहिलीच वेळ.

सेत्सुयोनं तो गरम दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. घरी ती चेस्टनट उकडायची, भातात घालायची, तीच चव तिला ठाऊक होती. हे काहीतरी निराळंच होतं. आधी खमंग, मग जिभेवर विरघळत गेलेली गोडी, खोल, थांबतच नाही अशी. तिला रडू फुटलं. दर वर्षी तो घरी आला की ती ओले हात पुसत विचारायची, "कसा होता हो पहिला दाणा?" आणि तो बूट काढता काढता म्हणायचा, "बरा होता."

तिनं हातातल्या जुन्या पाटीकडे पाहिलं.

"बरा होता?" ती रडत, हसत, चांगली तावातावानं पाटीलाच म्हणाली. "अहो, एक्केचाळीस वर्षं हे खात होतात, आणि बरा होता?"