एकाच नंबराचे दोन कॉम्प्युटर

आमच्या नाट्यगृहातल्या कॉम्प्युटरांची नाडी वीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. त्याला सगळे तारमास्तर म्हणत. मी चाळीस वर्षं रंगमंचावर उभी राहिले, पण मत्सर इतका चोख वठवणारा नट मला भेटला नाही. आणि तो मत्सर सगळाच्या सगळा साडूच्या वाट्याचा. साडूचंही कॉम्प्युटर दुरुस्तीचंच दुकान!

तिकीटखिडकीला नवा कॉम्प्युटर आला तेव्हा मास्तर नेमका तापाने आडवा. मॅनेजरांनी साडूला बोलावलं. आमचं नेटवर्क फक्त नोंदवलेल्या यंत्रांना आत घेई. प्रत्येकाला कारखान्यातूनच मिळालेला नंबर असतो, मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात त्याला, ओळख त्यावरून. नवी नोंद करायचा पासवर्ड मास्तरापाशी. साडूने सेटिंगमध्ये जाऊन अडगळीत टाकलेल्या जुन्याचाच नंबर नव्याला लावून दिला. दहा मिनिटांत तिकिटं सुरू! खिडकीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बहिणीने माझ्या नशीब काढलं हो," बायको औषध देता देता म्हणाली. मास्तराचा ताप उतरला, आणि अंगाची लाही सुरू झाली.

साडूने हे जमवलं कसं, ते मास्तर मेला तरी विचारणार नव्हता. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने अडगळीतला जुना कॉम्प्युटर पुसला आणि रंगपटात आणून जोडला. "टाकायची घाई बघा लोकांना!"

तासाभरात तिकीटखिडकी चालू-बंद होऊ लागली. रांग खवळली. मॅनेजर रंगपटात आले. "मास्तर, तुमच्या साडूने जुन्याचा नंबर नव्याला चिकटवला म्हणे. पाट्या टाकल्या नुसत्या! निस्तरायला बोलावलंय त्याला, पण त्यानंतर पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही."

ते गेले. मास्तर समोरच्या जुन्या यंत्राकडे बघतच राहिला. एकाच भूमिकेचा पोशाख करून दोन नट एकदम रंगमंचावर आले होते, आणि दुसऱ्याला ढकललं होतं यानेच.

"अरे, सांग ना त्यांना," मी म्हणाले.

"सांगतो, बाई. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला शिव्या देतंय. जरा ऐकू द्या की!"

तेवढ्यात बोलावणं गेलेला साडू पिशवी घेऊन दारात दिसला. मास्तर ताडकन उठला. जुन्याची तार उपटली, त्याला वेगळा नंबर दिला, नोंदवला. खिडकी सुरळीत झाली. "घोटाळा माझा होता," तो मॅनेजरांना म्हणाला, "त्याचं काम बरोबर होतं."

माझे डोळे भरून आले. "मोठं मन केलंस रे!"

"कसलं मोठं मन?" तो फणकारला. "दहा मिनिटांत शोधलं असतं त्याने. मग परत त्यालाच टाळ्या!"