कोशाची साडी नेदरलँडला जाते

मेल इंग्रजीत होता, वर बँकेसारखं चिन्ह होतं आणि साडीचे पूर्ण पैसे भरल्याचं त्यात लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं मराठीत सांगितलं. बाबा मागावरून उठले ते थेट पानठेल्यावर गेले आणि पोरीची साडी विलायतेत चालली हे अर्ध्या गावाला कळल्यावरच परतले.

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात. माल व्यापाऱ्याला जातो आणि भाव तोच ठरवतो. घरात बी.कॉम. झालेली मी पहिली, हे मी अभिमानानं सांगते. फोटो काढून ऑनलाइन दुकान मीच उघडलं होतं आणि हे पहिलंच परदेशी गिऱ्हाईक होतं. आईनं धागा काढलेली, बाबांनी विणलेली ती साडी मागायला सानगडीचे लग्नघरवाले आले होते. पण साडी या गिऱ्हाइकाला कबूल केलेली, म्हणून बाबांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं होतं. म्हणजे आता साडी जाऊन पैसे आले नाहीत, तर सगळी मेहनत पाण्यात.

मेल पुन्हा वाचताना एक ओळ खटकली. पैसे म्हणे थांबवून ठेवले आहेत, कुरिअरची पावती पाठवली की सोडतील. मेलमधल्या लिंकला हात न लावता मी दुकानाचं खातं स्वतः उघडलं. जमा काहीच नव्हतं.

"बाबा, साडी पाठवायची नाही."

"काहून वं?"

"पैसे आलेच नाहीत."

"अवं, इंग्रजीत लिहून आलं ना! एवढं खोटं कोण लिहीन?"

"कोणीबी लिहिते. मी लिहून देऊ का?"

आई हसली. "आता पानठेल्यावर जाऊन सांगा म्हणा."

मी गिऱ्हाइकाला कळवलं, आमच्या बिलावर पैसे भरा, खात्यात दिसले की साडी निघेल. उत्तरात पोलिसांची धमकी आली. मग मला शंकाच उरली नाही. पण बाबा घुश्शात होते. "सानगडीवाले गेले, विलायतवालेही गेले. शिकून काय केलं तू?"

ते मला लागलं. तरी साडीचा फोटो मी दुकानातून काढला नाही.

काही दिवसांनी त्याच फोटोवर दुसऱ्याच एका, नेदरलँडच्या बाईंचा निरोप आला. त्यांनी आधी हेच विचारलं, की मी पैसे भरले आणि साडी आलीच नाही तर?

बाबा भडकले. "आपल्यावर भरोसा नाही म्हणते?"

"बाबा, ते बी आपल्यासारखीच भेऊन राहिली!"

मला तर नाचावंसं वाटलं. बरोबर प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मिळालं होतं. दुपारी व्हिडिओ कॉल केला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून मागावर बसले. बाई म्हणाल्या, हात जवळून दाखवा. बाबांनी लाजत दाखवले. मग मी समजावलं, की तुम्ही कार्डानं बिल भरायचं, पैसे पेमेंट सेवेतून रुपये होऊन आमच्या बँकेत येतील, साडी पोचली नाही तर तिथेच तक्रार करता येईल. आणि साडी बांधतानाचा व्हिडिओ, पावती मी जपून ठेवीन. त्या तयार झाल्या.

पैसे भरल्याचा मेल आला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मेल राहू दे. खात्यात का हाये?"

मी खातं उघडून दाखवलं. होते! पुढे ते बँकेतही आले. मी बँकेत गेले तेव्हा परदेशातून पैसे कशाचे, असं तिथल्या साहेबांनी विचारलं. मी बिल पुढे केलं आणि म्हणाले, "निर्यात." कॉलेजात हा शब्द परीक्षेसाठी पाठ केला होता. आपल्या घराच्या मालाबद्दल तो पहिल्यांदाच तोंडातून निघाला, आणि जरा जोरातच निघाला. रांगेतले लोक वळून पाहू लागले.

घरी आईनं साडीची घडी घातली, मी व्हिडिओ काढला. पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी पेन धरला.

"तुह्यं लिही. गिऱ्हाईक तुह्यं हाये."