बासरीखालचा आवाज

आमच्या शेजारच्या इंदुताई नोएडातल्या एका टीव्ही कंपनीत टेपा सांभाळतात. नवनव्या वाहिन्या निघाल्या, तेव्हा घराजवळची म्हणून धरलेली नोकरी. शूटिंग करून आलेली प्रत्येक टेप पाहायची, कुठल्या मिनिटाला काय आहे ते कार्डावर लिहायचं आणि टेप कपाटात लावायची. एवढ्याशा कामाने ही बाई पन्नाशीच्या आतच इतकी का दमलेली दिसते, हे मला नोएडाजवळच्या या वैशाली वसाहतीत राहायला आल्यापासून कळेना. मला गप्प बसवत नाही, मी सरळ विचारायची. त्या "काही नाही गं" म्हणून दूध आणायला निघायच्या.

लातूरच्या भूकंपाला पाच वर्षं झाली तेव्हा इंदुताईंच्या वाहिनीने दरवर्षीप्रमाणे तेच दृश्य दाखवलं. पडलेलं घर, समोर धुळीने माखलेली एक बाई, आवाजाच्या जागी बासरी. मुखर्जीनगरच्या खानावळीत जेवता जेवता शंकर बिराजदारने ते पाहिलं. तो यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत आलेला. ती बाई त्याची आई होती, विठाबाई. भूकंपात तो शाळेच्या वसतिगृहात होता म्हणून वाचला. धाकटी बहीण मंगल घराखाली गेली, आणि वर्षभरात आईही गेली. त्या वाहिनीत कोणी मराठी माणूस आहे का, असं विचारत दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातून त्याने इंदुताईंचा नंबर मिळवला.

"मावशी, बासरी काढून आईचा आवाज ऐकवाल का?" तो फोनवर म्हणाला. "एकदाच."

इंदुताईंनी आठवडाभर कपाटं उपसली. टेप सापडणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी उपसली.

रविवारी दुपारी तो आला. धीराला म्हणून इंदुताईंनी मलाही बसवून घेतलं होतं.

"आवाज पुसला गेला," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे. ऑफिसात मराठी कळणारी मी एकटीच. तीन दिवस त्याच टेपा ऐकत होते, मग बिलकूल सहन होईना. कार्डावर लिहून टाकलं, 'बाई रडते, आवाज नको.' ऑफिसवाल्यांनी नुसतं चित्र उतरवून घेतलं आणि मूळ टेप दुसऱ्या शूटिंगला वापरली."

मला त्यांचा राग आला, अगदी मनापासून आला. त्या पोराच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"लई रडत होती का?" त्याने विचारलं.

"रडत नव्हती रे. कॅमेरावाल्याशी बोलत होती." इंदुताईंनी डोळे मिटले. "'लेकरा, ते खाली ठेव. हिकडं ये. ह्या वाशाला हात लाव. माझी मंगल आतून बोलायलीय.' पुन्हा पुन्हा हेच. मला पाठ आहे. रोज ऐकू येतं."

शंकरने ते शब्द ओठातल्या ओठात म्हणून पाहिले. आई सगळ्यांनाच लेकरा म्हणायची, असं म्हणाला आणि जरासा हसलासुद्धा. मग विचारलं, "ठेवला का त्यानं कॅमेरा?"

इंदुताईंनी डोळे उघडले.

"नाही ठेवला. तो कॅमेरावाला अजून आमच्याकडेच आहे, फरीदाबादहून येतो. माणूस चांगला आहे. रोज सकाळी जिन्यात 'नमस्ते दीदी' म्हणतो, मीही म्हणते. त्याला मराठी येत नाही. तुझी आई त्याला काय सांगत होती, हे त्याला अजूनही माहीत नाही. मी सांगितलंच नाही."