मोगऱ्याच्या पैशांचा माईक

माझ्या नवऱ्याला एकच वेड, कॉमेंट्रीचं. पाड्यावर क्रिकेटचे सामने असले की तो माईक सोडायचा नाही आणि सामने नसले की घरातच सुरू. मी कांदा चिरायला बसले तरी हा दारात उभा राहून म्हणायचा, "आणि फलंदाज अत्यंत सावधपणे पुढे सरसावताना." शेळ्यांना तो "प्रेक्षकहो" म्हणायचा. माझी सासू म्हणायची, "याच्या तोंडाला कुणी बांध घालील तर बरं होईल."

आमचा पाडा सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाला. भात, नागली आणि ओहोळाच्या कडेला मोगऱ्याची थोडी झाडं. मोगरा माझा. लावला मी, पाणी घातलं मी, म्हणून त्याचे पैसे माझ्या खात्यात येतात. व्यापारी फोनवरच पाठवतो. पैसे आले की फोन टिंग करून वाजतो आणि तो आवाज नवऱ्याला माझ्याआधी ऐकू जातो.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर तो फारच गोड वागायला लागला. न सांगता पाणी भरलं. शेळ्या परत आणल्या. चुलीपुढं बसून माझ्या कालवणाची तारीफ केली, तेव्हा मी विचारलं, "काय पाहिजे?"

"माईक. फोनला जोडायचा असतो तसला. आणि फोन उभा करायला स्टँड."

"आपल्याकडं भोंगा आहे की."

"भोंगा आपल्यापुरता. मला सामने लाईव्ह दाखवायचेत. निम्मी पोरं भिवंडीकडं वीटभट्टीवर आहेत. तुझा भाऊपण. त्यांना तिथं बसून बघता येईल."

भाऊ मध्ये आला आणि मी हरले.

आम्ही एसटीनं जव्हारला गेलो. दुकानदार म्हणाला, "बोलून बघा." ही त्याची चूक झाली. नवऱ्यानं माईक हातात घेतला आणि दुकानाबाहेरच्या रस्त्याची कॉमेंट्री सुरू केली. एक मावशी वांग्याच्या टोपलीसकट रस्ता ओलांडत होती. समोरून रिक्षा येत होती. मावशी थांबली, रिक्षाही थांबली, मग दोघी एकदमच निघाल्या, पुन्हा थांबल्या. नवरा तो सगळा खेळ असा सांगत होता की दुकानात गर्दी जमली. मावशी पार झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला काही कळलं नाही, पण तीही हसली. मी पटकन पैसे दिले आणि त्याला बाहेर ओढलं.

आमचं मैदान म्हणजे कापलेल्या भाताची खाचरं. धसकटं काढायची, मधले बांध पाडून सपाट करायचे, झालं. अडचण एकच, रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली येते. म्हणून फोनचा स्टँड तिथं, त्याच्या शेजारी कॉमेंट्रीचं टेबल, आणि भोंगाही त्याच माईकला जोडलेला. आणि माझ्या नणंदेनं चहा-भज्यांचा धंदा मांडला तोही तिथंच, कारण पैसे आल्याचं बोलून सांगणारा तिचा डबासुद्धा रेंजवर चालतो. नवऱ्यानं तिच्या पैसे भरायच्या कोडाचा पुठ्ठा फोनसमोर टांगला. बघणाऱ्या कुणाला खेळाडूला बक्षीस द्यायचं झालं तर बसल्या जागी देता येईल, हा त्याचा विचार. पहिले काही सामने नीट झाले. बक्षिसं मात्र फारशी आली नाहीत.

फायनलच्या सकाळी आमच्या संघातल्या एकाचा पाय मुरगळला. नियम असा की पाड्याबाहेरचा माणूस घ्यायचा नाही, आणि पाड्यावर खेळण्यासारखा पुरुष उरला होता एकच. तो टेबलापाशी माईक लावून बसला होता.

"मी खेळायला गेलो तर बोलणार कोण?" नवरा म्हणाला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भजी तळायला मदत करत होते.

"मला नाय येत," मी म्हटलं.

"नुसता स्कोअर सांग," असं म्हणून त्यानं माईक माझ्या पदराला लावला आणि तो पळाला.

मी आश्रमशाळेत प्रार्थना म्हणायचे त्या आवाजात सुरुवात केली. "आता चेंडू टाकण्यात येत आहे. फलंदाजाने चेंडू अडवलेला आहे." माझं मलाच कसंतरी वाटत होतं. शाळेची मराठी तोंडात भाताच्या कोंड्यासारखी झाली होती. तेवढ्यात पलीकडच्या पाड्याच्या फलंदाजानं चेंडू उंच मारला आणि माझ्या तोंडून आपोआप घरची बोली निघाली.

"गेला, गेला, अगं आये, मोठ्या जावंच्या वालाच्या वाफ्यात गेला. ए, आणायला जाशील तो येलावर पाय नको देऊस, नायतर ती तुला सोडायची नाय."

मैदानात हशा पिकला. जाऊ खरंच उठून वाफ्याकडं निघाली होती. आणि शेजारचा डबा बोलला, "पन्नास रुपये प्राप्त झाले."

माईक त्याच्या जवळच होता, त्यामुळे ते भोंग्यातून सगळ्या डोंगराला ऐकू गेलं. नणंद म्हणाली, "मी तर कुणाला काही विकलं नाय." तिनं फोनच्या पडद्यावर वाकून बघितलं आणि वाचलं, "वहिनीला बक्षीस, भट्टीवरून."

मग मला काय झालं ते मलाच माहीत नाही. पॉइंट, कव्हर, मिडविकेट मला येत नव्हतं. मी सांगायचे, चेंडू विहिरीकडं गेला, आमच्या खळ्याकडं गेला, म्हाताऱ्याच्या आंब्याला लागून परत आला. कोण कुणाचा मुलगा, कुणाची सोयरीक कुठं जमतेय, कोण आईचं ऐकत नाही, सगळं बोलले. डबा मध्ये मध्ये ओरडत होता, वीस रुपये, दहा रुपये, शंभर रुपये. एकदा गोलंदाज धावत येत असतानाच तो बोलला. गोलंदाज थबकला, चेंडू तसाच हातात. फलंदाजाला वाटलं बक्षीस त्यालाच आहे, त्यानं बॅट उचलून अभिवादन केलं.

"भट्टीवर काम बंद पडलंय म्हणतात," नणंद पडद्यावरचं वाचत होती. "मालकपण बघतोय."

आमचा शेवटचा गडी म्हणून नवरा खेळायला आला. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. त्यानं पहिला चेंडू छान मारला आणि मी म्हटलं, "मारला, ओहोळाकडं मारला."

त्याला राहवलं नाही. पुढचा चेंडू पडायच्या आत तो माझ्याकडं वळून ओरडला, "ओहोळ नाय गं, पॉइंट म्हण, पॉइंट."

मागं दांडी उडाली.

मी सांगितलं, "गेला. बायकोला शिकवायला गेला आणि दांडी उडाली."

त्यानंतर डबा थांबेचना. एक रक्कम बोलून होईतो दुसरी यायची. सासू बांधावर बसून डोळे पुसत हसत होती. पंच हसून हसून खाली बसला होता. आम्ही फायनल हरलो, चषक आणि बक्षिसाचा कोंबडा पलीकडच्या पाड्याला गेला, पण त्या लोकांनी कोंबडा काखेत धरून आधी माझ्याबरोबर फोटो काढले.

नवरा बॅट घेऊन टेबलाकडं आला तेव्हा मला धाकधूक होती. त्याचं सगळ्यात आवडीचं काम मी घेतलं होतं आणि वर त्याची फजिती केली होती. त्यानं फोन काढून घेतला, आलेले निरोप वाचले, पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि मग मोहाच्या बुंध्याला टेकून असा हसायला लागला की त्याला उचकी लागली.

"मी इतकी वर्षं बोलतोय," तो म्हणाला, "मला कुणी चहाचेपण नाय पाठवले."

तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याच्या मागं बराच गलका होता. तो म्हणाला, "ताई, इथं सगळे विचारतात ही कोण बाई. मी सांगितलं, माझी बहीण आहे. कुणी खरं मानत नाय. जरा बोल त्यांच्याशी." मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. दिवाळीनंतर भट्टीवर गेल्यापासून त्याचा आवाज पहिल्यांदा इतका मोकळा वाटला होता, तेवढं आठवतं.

खेळाडूंसाठी आलेले पैसे खेळाडूंना गेले. वहिनीसाठी म्हणून आलेल्या पैशांतून मी दुसरा माईक घेतला, नवऱ्यासाठी. आता आम्हाला मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून बोलावणी येतात. मागच्या थंडीत जव्हारलाही बोलावलं होतं. गर्दी बघून मी आधी नवऱ्यालाच बोलायला लावलं, पण पहिला चेंडू पडला आणि मी सुटले. फलंदाजाच्या पायाला चेंडू लागला. मी म्हटलं आऊट, नवरा म्हणाला नाही. मी म्हटलं, घरीही तुला समोरचं दिसत नाही, डब्यातलं मीठ सापडत नाही. तो म्हणाला, डबा तूच हलवतेस. दोघांचेही माईक चालू होते. पंचानं खेळ थांबवला आणि आमचं संपायची वाट बघत उभा राहिला. लोक म्हणत होते, चालू द्या, चालू द्या.