ओ कुसुमी!

चेन्नईत असताना माझ्या सासूबाईंना त्यांची वारलेली मावशी रोज दिवेलागणीला हाक मारू लागली. ती हाक मी स्वतः ऐकली आहे, आणि माझा भुताखेतांवर विश्वास नाही. (म्हणजे तोवर नव्हता.)

आम्ही वेस्ट मांबलमला राहायचो. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी गिंडीला. मोबाइलवर गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप्लिकेशन आमच्या ऑफिसने तयार केलं होतं आणि ते देशोदेशीच्या लोकांना चालेल असं करून देणं हे माझं काम. अरबी उजवीकडून लिहितात, तर सगळी बटणं पलीकडे न्या. जर्मन शब्द बटणात मावत नाहीत, तर बटणं ताणा. थायलंडचं साल आपल्यापेक्षा पाचशेच्या वर वर्षं पुढे, त्यामुळे पहिल्याच चाचणीत तिथल्या म्हाताऱ्यांच्या सकाळच्या गोळ्या काही शतकं चुकल्या! त्यात चाचणीचा एक फोन हरवला. साहेब रोज विचारायचे, "फोन मिळाला?" मी रोज सांगायचो, "ऑफिसातच असेल सर, जातो कुठे?"

सासूबाई, म्हणजे कुसुमाबाई, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. आई लवकर गेल्यावर त्यांना मावशीने वाढवलं. त्या मावशीचा फोटो आमच्या देवाच्या कोनाड्यात, पुढे विजेचा लाल दिवा.

एके दिवशी संध्याकाळी वीज गेली. सासूबाई निरांजन लावत होत्या आणि एकदम किंचाळल्या. मी धावलो.

"माप्पिळ्ळे," त्या म्हणाल्या. (जावयाला त्या तमिळ पद्धतीने हाक मारायच्या.) "मावशी बोलली! 'ओ कुसुमी, मी मावशी, येता का?' असं बोलली!"

"भास झाला असेल हो."

तेवढ्यात अंधारातून एक मऊ, म्हातारा, अतिशय अदबशीर आवाज आला. शब्द मला नीट लागले नाहीत. पण अर्थ आधीच सांगितलेला असल्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू आलं. ओ कुसुमी… मी मावशी… येता का?

बाहेर भाजीवाला ओरडत होता, खाली कोणी स्कूटरला किक मारत होतं, आणि आमच्या घरात मात्र मेलेलं माणूस 'येता का' विचारत होतं!

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच हाक. तिसऱ्या दिवशी माझी बायको जयंतीही ऐकून पांढरी पडली. सासूबाई मात्र एव्हाना शांत झाल्या होत्या. तेच जास्त भयंकर होतं. त्यांनी कांजीवरम साडी शेजारच्या मामींना देऊन टाकली, कॉफीचा पितळी फिल्टर जयंतीच्या हवाली केला, आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या.

"आई, गोळी घे ना!" जयंती रडकुंडीला आली.

"कासयाला? मावशी बोलावते आहे. जायचं माणूस गोळी घेऊन काय करणार?"

डॉक्टरांनी घरी येऊन रक्तदाब तपासला आणि मला बाजूला घेतलं. "गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर सरळ ॲडमिट करावं लागेल," ते म्हणाले. त्या क्षणी मला भुतापेक्षा जास्त भीती वाटली ती सासूबाई खरंच जातील याची.

संध्याकाळी मामी विभूती आणि कापूर घेऊन आल्या. "आवी इरुक्कु," त्या डोळे फिरवून म्हणाल्या. घरात आत्मा आहे, हे कळायला तमिळ यावं लागत नाही. आम्ही कोनाड्यापुढे बसलो. सासूबाई नऊवारी नेसून, हात जोडून सगळ्यांत पुढे. जावई म्हणून त्यांच्या पाठीशी उभं राहणं माझं कर्तव्य होतं. मी दाराच्या पाठीशी उभा राहिलो.

ओ कुसुमी…

"सरी, बरं, येते मी," सासूबाई म्हणाल्या.

आवाज वाढला. पुन्हा वाढला. आणि मग मावशी फोटोच्या चौकटीत थरथरू लागली! घुर्रर्र! घुर्रर्र! फोटो पुढे सरकला, हार लोंबकळला, मामींच्या हातातली विभूती उडाली…

पुढचं मला फक्त ऐकून माहीत आहे, कारण मी तोवर तीन मजले उतरून रस्त्यावर पोचलो होतो. अनवाणी!

भाजीवाल्याशेजारी दम खात उभा होतो, तोच गॅलरीतून जयंतीचा आवाज आला.

"अहो! फोटोमागे चार्जिंगला फोन लावलाय. तुमच्या ऑफिसचाच ना हा?"

वर गेलो. पडद्यावर जपानी अक्षरं लुकलुकत होती. देवाच्या दिव्याशेजारचा प्लग रिकामा दिसला म्हणून मीच फोन तिथे लावून विसरलो होतो. फोनचं घड्याळ जपानचं, त्यामुळे तिथली झोपताना घ्यायची गोळी आपल्याकडे दिवेलागणीला. जपानी आवाज त्याच आठवड्यात भरलेला, मी तो कधी ऐकलाच नव्हता. आणि लागोपाठ काही दिवस बटण दाबलं नाही तर आवाज वाढवत न्यायचा, मग फोन थरथरवायचा, ही खास कल्पना माझी. तिच्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

"ओकुसुरी, नोमिमाश्ता का," मी ऑफिसातल्या भाषांतरांच्या कागदावरून वाचून दाखवलं. "म्हणजे, औषध घेतलंत का?"

सासूबाईंनी फोटोचा हार सरळ केला. डोळे भरले होते.

"मावशी असती तरी हेच विचारली असती," त्या हळूच म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला. मामींनी साडी मात्र परत केली नाही.

प्रायश्चित्त म्हणून मी घरच्या फोनसाठी खास मराठी आवृत्ती केली. आवाज माझा. 'आई, गोळी घ्या' हे किती तरी वेळा प्रेमाने म्हणून पाहिलं आणि त्यातलं सर्वांत गोड ठेवलं. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं आहे, माप्पिळ्ळे," त्या म्हणाल्या. "पण भूत आलं की पळून जातो त्याचं कोण ऐकणार? ती जपानी बाईच लाव."